परतीच्या दारावरचा पहारा

रायपूर : चौबे कॉलनीतील किंवा तात्यापाऱ्यातील मराठी घरातून अमेरिकेतील नोकरीवर परतणाऱ्या तरुणाचे विमान कोठूनही सुटो, त्याच्या परतीचा निर्णय सहसा मुंबईत होतो. अमेरिकेने आपल्या वकिलातींसाठी भारताचे जे विभाग पाडले आहेत, त्यांत छत्तीसगढ हे महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश आणि गोव्यासह मुंबईच्या वाट्याला आले आहे. जुन्या व्हिसाची मुदत संपलेली असेल, तर सुटीवर आलेला अभियंता असो वा संशोधक, वांद्रे-कुर्ला संकुलातील किंवा अन्य अमेरिकी वकिलातीने नवा व्हिसा दिल्याखेरीज त्याला परत जाता येत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये अशा अनेकांची वाट अचानक अडली. एच-१बी आणि एच-४ व्हिसाच्या अर्जदारांची समाजमाध्यमांवरील खाती तपासण्याचा नियम अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने १५ डिसेंबरपासून लागू केला. परिणामी भारतातील अनेकांच्या ठरलेल्या मुलाखती थेट मार्च २०२६ आणि त्याही पुढे ढकलल्या गेल्या. नोकरी तिकडे, घराचे हप्ते तिकडे, मुलांची शाळा तिकडे आणि माणूस इकडे, अशी अवस्था झाली. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने ही चिंता अमेरिकेच्या कानी घातली. मात्र व्हिसा देणे हा प्रत्येक देशाच्या सार्वभौम अधिकारातील विषय असल्याची कबुलीही त्याच वेळी दिली.

याच्या दोन महिने आधी, २० ऑक्टोबर २०२५ च्या रात्री, दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावर नेमका उलट प्रसंग घडला होता. लंडन विद्यापीठाच्या 'सोआस' या संस्थेतील मानद प्राध्यापिका आणि हिंदी साहित्याच्या जगन्मान्य अभ्यासक फ्रान्चेस्का ओर्सिनी यांना मुदतीतील पाच वर्षांचा ई-व्हिसा हाती असताना विमानतळावरूनच परत पाठवण्यात आले. यापूर्वीच्या भेटीत त्यांनी व्हिसाच्या अटींचा भंग केला होता आणि मार्च २०२५ पासून त्यांचे नाव काळ्या यादीत होते, असे कारण सरकारी सूत्रांकडून नंतर सांगण्यात आले. ते त्यांना विमानात बसण्यापूर्वी कोणी कळवले नव्हते.

वांद्रे-कुर्ला संकुल आणि दिल्लीचा विमानतळ या दोन ठिकाणांना जोडणारा धागा एकच आहे. एखाद्या देशात वर्षानुवर्षे कायदेशीरपणे काम केलेल्या, तेथे संसार किंवा अभ्यास उभा केलेल्या परकीयाला परत येण्याचा काही हक्क असतो का? कायद्याचे उत्तर दोन्ही देशांत जवळपास सारखेच, म्हणजे नकारार्थी आहे. परंतु एक प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. जे आपण वॉशिंग्टनकडे आपल्या माणसांसाठी मागतो, ते दिल्लीत परक्या माणसाला देण्याची आपली तयारी आहे का?

व्हिसा वेगळा, मुक्काम वेगळा

ज्यांच्या घरातील कोणी परदेशी गेलेले नाही, त्यांना या गुंतागुंतीची कल्पना सहसा नसते. अमेरिकेत राहण्या-काम करण्याची परवानगी ही एक गोष्ट आहे आणि सीमेवर प्रवेश मागण्यासाठी पारपत्रावर लागणारा व्हिसा ही दुसरी. कंपनीने केलेला अर्ज मंजूर झाला की एच-१बी कर्मचाऱ्याचा मुक्काम वाढतो. व्हिसाची मुदत संपली तरी देशात राहून काम करण्यास त्याला अडचण येत नाही. अडचण येते ती देशाबाहेर पाऊल टाकल्यावर. आईच्या आजारपणासाठी, बहिणीच्या लग्नासाठी किंवा वडिलांच्या दिवसकार्यासाठी तो रायपूरला आला, की परतीसाठी नवा व्हिसा घ्यावा लागतो.

विद्यार्थ्यांचेही तसेच आहे. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याच्या आय-२० या कागदावर प्रवासासाठी विद्यापीठाच्या अधिकाऱ्याची स्वाक्षरी लागते आणि ती सर्वसाधारणपणे एका वर्षाच्या आतील असावी लागते. शिक्षणानंतर प्रशिक्षणाच्या काळात नोकरी करणाऱ्यासाठी ही मुदत सहा महिन्यांची आहे. अभ्यागत संशोधकांच्या जे-१ व्हिसाला आणखी एक अट जोडलेली असू शकते. काही प्रकारांत कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहिल्याखेरीज एच-१बी किंवा कायम वास्तव्याची वाट खुली होत नाही. तिकडे शिकायला गेलेल्या आपल्या अनेक डॉक्टरांचे आयुष्य या एका अटीभोवती फिरलेले आहे.

काही वर्गांतील व्हिसाचे नूतनीकरण २००४ पर्यंत अमेरिकेतच होत असे. बोटांचे ठसे घेणे आवश्यक झाल्यावर त्या वर्षी जुलैमध्ये ती सोय बंद झाली. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या जून २०२३ मधील अमेरिका दौऱ्यात ती प्रायोगिक स्वरूपात पुन्हा सुरू करण्याची घोषणा झाली आणि २०२४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत २० हजार अर्जांपुरता तो प्रयोग झालाही. नंतर तो पुढे गेला नाही. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये मुलाखतीविना नूतनीकरणाची सवलत बहुतेकांसाठी संपवण्यात आली आणि अर्ज नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करावा, असेही सांगण्यात आले. शेजारच्या एखाद्या तिसऱ्या देशात जाऊन व्हिसा घेऊन येण्याची जुनी पळवाट त्यामुळे अरुंद झाली. डिसेंबरमधील कोंडी ही अशी टप्प्याटप्प्याने तयार झाली होती.

एका रात्रीत बदललेला नियम

नियम कडक असणे ही एक गोष्ट; तो रातोरात बदलणे ही दुसरी. १९ सप्टेंबर २०२५ रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एच-१बीच्या अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क लावणाऱ्या घोषणेवर स्वाक्षरी केली. अंमल २१ सप्टेंबरच्या पहाटेपासून, म्हणजे दीड दिवसाच्या आत होता. देशाबाहेर असलेल्या जुन्या कर्मचाऱ्यांनाही ती लागू आहे की नाही, हे मसुद्यावरून स्पष्ट होत नव्हते. मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन, जेपी मॉर्गन यांसारख्या कंपन्यांशी संबंधित सूचना फिरू लागल्या: बाहेर असाल तर मुदतीपूर्वी परत या, आत असाल तर बाहेर पडू नका. सॅन फ्रान्सिस्कोहून निघण्याच्या बेतात असलेल्या एका विमानातून काही भारतीय प्रवासी उतरले. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसने खुलासा केला, की शुल्क केवळ नव्या अर्जांसाठी आहे, सध्याच्या व्हिसाधारकांच्या ये-जा करण्यावर त्याचा परिणाम नाही. खुलासा आला तोपर्यंत पितृपक्षात घरी आलेले कित्येक जण परतीच्या वाटेला लागलेले होते.

२०२४ या अमेरिकी आर्थिक वर्षात मंजूर झालेल्या एच-१बी अर्जांपैकी सुमारे ७१ टक्के भारतीयांचे होते. त्यामुळे या घोषणेची झळ प्रामुख्याने आपल्यालाच बसणार होती. 'कुटुंबांच्या दृष्टीने याचे मानवी परिणाम होतील' अशा आशयाचे निवेदन परराष्ट्र मंत्रालयाने २० सप्टेंबर रोजी काढले. ही भूमिका योग्यच होती. सार्वभौम अधिकाराला हात न लावता त्या अधिकाराच्या वापरातील घाईवर, अस्पष्टतेवर आणि माणसांवर होणाऱ्या परिणामांवर बोट ठेवणारी ही भाषा होती. तिचा विचार आपण स्वतःच्या संदर्भात किती करतो, हे पाहण्यासाठी रायपूरपासून फार दूर जावे लागत नाही.

कोरबा, भिलाई आणि २००९

छत्तीसगढला परदेशी कर्मचारी नवा नाही. फेब्रुवारी १९५५ मधील भारत-सोव्हिएत करारानंतर भिलाईच्या माळावर पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. ती उभारणारे सोव्हिएत तंत्रज्ञ दोन सरकारांमधील कराराच्या छत्राखाली येत-जात होते. त्यांच्या परतीचा प्रश्न पोलीस ठाण्याच्या खिडकीवर येत नव्हता.

अर्धशतकानंतर चित्र पालटले होते. खासगी वीज प्रकल्पांच्या लाटेबरोबर चिनी कंत्राटदार आणि त्यांचे तंत्रज्ञ आले. २३ सप्टेंबर २००९ रोजी कोरबा येथे बाल्कोच्या वीज प्रकल्पाची बांधकामाधीन चिमणी कोसळून चाळीसहून अधिक मजूर मृत्युमुखी पडले. मुख्य कंत्राट चीनच्या सेप्को या कंपनीकडे होते आणि पुढे तिच्या काही चिनी अधिकाऱ्यांना अटकही झाली. प्रकल्पांवर राबणारे हे परदेशी लोक कोणत्या व्हिसावर आले आहेत, हा प्रश्न त्या सुमारास देशभर गाजत होता, कारण त्यांतील बरेच जण नोकरीच्या नव्हे, तर व्यावसायिक व्हिसावर आलेले होते.

केंद्राने त्याच वर्षी फर्मान काढले. व्यावसायिक व्हिसावर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी ३१ ऑक्टोबर २००९ पर्यंत मायदेशी जावे आणि रोजगार व्हिसा घेऊन परत यावे. २०१० मध्ये खास वीज आणि पोलाद या दोन क्षेत्रांसाठी 'प्रकल्प व्हिसा' हा नवा प्रकार आला. छत्तीसगढच्या अर्थव्यवस्थेचे हेच दोन खांब आहेत, हे येथे सांगावयास नको. त्या निर्णयामागे स्थानिक रोजगाराचे रक्षण हा रास्त हेतू होता, हे नाकारता येणार नाही. परंतु 'आधी देश सोडा, मग परत या' ही पद्धत आपलीही आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. भारतात रोजगार व्हिसावर असलेल्या परकीयाला एकाच उद्योगसमूहातील बदली वगळता मालक बदलायचा असेल, तर साधारणपणे देशाबाहेर जाऊन नव्या व्हिसावर परतावे लागते. अमेरिकेत एच-१बीधारकाला नवी कंपनी देशात राहूनच गाठता येते. या एका बाबतीत आपला नियम अमेरिकेहून कठोर आहे.

२००९ च्या अखेरीस आणखी एक नियम आला. २६ नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्याची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली हा अमेरिकी नागरिक भारतात वारंवार येऊन गेल्याचे ऑक्टोबरमधील त्याच्या अटकेनंतर उघड झाले. त्यावर उपाय म्हणून पर्यटक व्हिसावर देश सोडणाऱ्याला दोन महिने परत येता येणार नाही, अशी अट घालण्यात आली. हेडली मात्र व्यावसायिक व्हिसावर येत होता आणि तो व्हिसा आपल्याच वकिलातीने दिलेला होता. चूक छाननीत होती, शिक्षा परतीला झाली. भारतात उतरून नेपाळ किंवा श्रीलंका पाहून परतणारे पर्यटक या अटीत सापडले. काही मोजक्या देशांचे नागरिक वगळता डिसेंबर २०१२ मध्ये ती मागे घेण्यात आली. सुरक्षेचा प्रश्न खरा असतानाही त्यावरचा उपाय चुकीच्या माणसावर कसा पडतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

परत येणारा अभ्यासक

कर्मचाऱ्याहून अभ्यासकाची कहाणी निराळी असते. कर्मचारी काम संपले की जातो. अभ्यासक पुन:पुन्हा येतो आणि त्या येण्यातच त्याच्या अभ्यासाचे सार असते. मराठीपुरते बोलायचे तर एलिनॉर झेलियट यांचे आंबेडकरी चळवळीवरील संशोधन, गुंथर सोन्थायमर यांचा खंडोबा आणि धनगरांच्या परंपरेचा शोध, ॲन फेल्डहाउस यांचे महानुभाव साहित्यावरील काम ही सारी अनेक दशकांच्या ये-जा करण्यातून उभी राहिली. गेल ऑम्वेट तर कासेगावच्याच झाल्या आणि १९८३ मध्ये त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले. यांतील प्रत्येकाला दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेस विमानतळावरून परत पाठवले असते, तर मराठी समाजाचे स्वतःविषयीचे ज्ञान तेवढे उणे राहिले असते.

याच भूभागात या प्रश्नाचा एक जुना आणि बोलका दाखला आहे. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आलेला व्हेरियर एल्विन हा इंग्रज तरुण गांधीजींच्या प्रभावाखाली राष्ट्रीय चळवळीकडे ओढला गेला. १९३२ च्या प्रारंभी शामराव हिवाळे या मराठी सहकाऱ्यासह त्याने नागपूरहून कारभार चालणाऱ्या मध्य प्रांतातील मंडला जिल्ह्यात करंजिया येथे गोंडांमध्ये काम सुरू केले. त्याच वर्षी तो इंग्लंडला गेला आणि तेथे अडकला. ब्रिटिश सरकार त्याला हिंदुस्थानात परतू देईना. शेवटी गोंडांमधील कामापुरते मर्यादित राहीन, कायदेभंगात भाग घेणार नाही आणि राजकीय चळवळीपासून दूर राहीन, अशी लेखी हमी दिल्यावरच त्याला दार उघडण्यात आले. तो परतला, पुढे बस्तरमध्ये राहिला. मुरिया आणि त्यांच्या घोटुलावरचा त्याचा ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९५४ मध्ये त्याने भारताचे नागरिकत्व स्वीकारले. त्याच्या निष्कर्षांविषयी मतभेद आहेत आणि असावेत. पण ब्रिटिशांनी आपले दार कायमचे लावले असते, तर बस्तरच्या जनजीवनाचा तो दस्तऐवज निर्माण झाला नसता. परकीय सत्तेनेही त्या माणसाला अडवण्याचे कारण सांगितले होते आणि परतीची अट लेखी मांडली होती, हेही येथे नोंदवले पाहिजे.

आता अलीकडची उदाहरणे पाहू. मार्च २०२२ मध्ये केरळच्या मच्छीमार समाजाचे तीस वर्षे अध्ययन करणारे ब्रिटनमधील मानववंशशास्त्रज्ञ फिलिपो ओसेला यांना तिरुवनंतपुरम विमानतळावरून परत पाठवण्यात आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये काश्मिरी वंशाच्या ब्रिटिश प्राध्यापिका निताशा कौल कर्नाटक सरकारच्या निमंत्रणावरून संविधानविषयक परिषदेसाठी आल्या आणि बेंगळुरूहून त्यांना माघारी जावे लागले. मे २०२५ मध्ये त्यांचे ओसीआय कार्डही रद्द झाले. त्यानंतर ओर्सिनी. या तिघांच्या मतांशी सहमत असण्याची गरज नाही. ओर्सिनी यांचे संशोधन तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील हिंदी नियतकालिके आणि वाचकवर्ग यांविषयी आहे. माधवराव सप्रे या मराठीभाषी संपादकाने १९०० मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढून ज्या हिंदी पत्रसृष्टीच्या पायाभरणीत हात लावला, तिच्याच पुढच्या पर्वाचा हा अभ्यास आहे. रायपूरकरांना त्याचे महत्त्व समजावून सांगावे लागू नये.

सरकारचा युक्तिवादही ऐकला पाहिजे. पर्यटक व्हिसावर येऊन संशोधन करणे हा अटींचा भंग आहे आणि प्रत्येक देश तो गंभीरपणे घेतो. हे खरे आहे. परंतु ई-पर्यटक व्हिसा घरबसल्या काही दिवसांत मिळतो, तर संशोधन व्हिसासाठी संस्थेची संलग्नता, विषयाची तपासणी आणि लांबलचक प्रतीक्षा असते. जुन्या मित्रांना भेटायला आलेल्या प्राध्यापकाने ग्रंथालयात दोन दिवस घालवले तर ते संशोधन की पर्यटन, याचा निवाडा अखेर विमानतळावरील अधिकाऱ्याच्या पडद्यावर दिसणाऱ्या एका नोंदीवर अवलंबून राहतो. नियम इतका संदिग्ध असला की त्याचा भंग झाला की नाही, हे ज्याच्या हाती शिक्का आहे तोच ठरवतो.

कार्ड आयुष्यभराचे, भरवसा किती?

ओसीआय कार्ड हा स्थलांतरित कुटुंबांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. जानेवारी २००६ मध्ये हैदराबादच्या प्रवासी भारतीय दिवसात ही योजना मोठ्या समारंभाने सुरू झाली. दुहेरी नागरिकत्व नव्हे, पण आयुष्यभर कितीही वेळा येण्याची मुभा, असे तिचे स्वरूप होते. चाळीस लाखांहून अधिक कार्डे दिली गेली.

पहिला धक्का साथीच्या काळात बसला. १३ मार्च २०२० पासून या कार्डावरील व्हिसामुक्त प्रवेश स्थगित झाला. आई-वडील भारतीय पारपत्रधारक, नोकरी गेल्यामुळे मायदेशी परतण्यास निघालेले, आणि कडेवरचे मूल अमेरिकेत जन्मलेले ओसीआय कार्डधारक. अशा कुटुंबांना 'वंदे भारत'च्या पहिल्या विमानांत जागा नाकारण्यात आली. २२ मे रोजी अशा मुलांसह काही गटांना सूट मिळाली. पण जे दार आयुष्यभर उघडे राहील असे सांगितले होते, ते एका परिपत्रकाने बंद होऊ शकते, हे त्या दहा आठवड्यांत सर्वांना कळून चुकले.

दुसरा बदल ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने आला. संशोधन, पत्रकारिता, धर्मप्रसार, गिर्यारोहण यांसाठी ओसीआयधारकांना विशेष परवानगी आवश्यक झाली. न्यू जर्सीत वाढलेल्या मराठी मुलीला आजीच्या घरी येण्यास आडकाठी नाही. तिला बस्तरच्या हलबी बोलीवर प्रबंध लिहायचा असेल तर मात्र परवानगी मागावी लागेल.

कार्ड रद्द करण्यापूर्वी धारकाला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी, अशी तरतूद नागरिकत्व कायद्यात २०१९ पासून आहे. स्वीडनमधील प्राध्यापक अशोक स्वैन यांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये रद्दीकरणाचा आदेश याच कारणासाठी बाजूला सारला, की त्यात कलमाची पुनरुक्ती होती, कारणे नव्हती. अर्थात कायद्याने ज्याला सुनावणी दिली आहे, त्याला न्यायालयाकडे जाण्याची वाट आहे. साध्या व्हिसावर आलेल्या परकीयाला तीही जवळपास नाही.

संसदेने हातची सोडलेली संधी

हे सारे नियम १९२०, १९३९ आणि १९४६ च्या वसाहतकालीन कायद्यांवर आणि २००० च्या एका कायद्यावर उभे होते. ते चारही रद्द करून त्यांच्या जागी एकच कायदा आणणारे स्थलांतर आणि परकीय नागरिक विधेयक गृह राज्यमंत्री नित्यानंद राय यांनी ११ मार्च २०२५ रोजी लोकसभेत मांडले. २७ मार्चला ते लोकसभेत आणि २ एप्रिलला राज्यसभेत मंजूर झाले. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याचा अंमल सुरू झाला. जुनाट कायद्यांची जळमटे झटकण्याची ती दुर्मीळ संधी होती.

चर्चेला उत्तर देताना गृहमंत्री अमित शहा यांनी, भारत ही काही धर्मशाळा नाही, असे बजावले. पर्यटन, शिक्षण, संशोधन आणि व्यापारासाठी येणाऱ्यांचे स्वागतच आहे, असेही ते म्हणाले. विरोधकांचा, विशेषतः मनीष तिवारी यांचा, मुख्य आक्षेप प्रवेश नाकारण्याच्या अमर्याद अधिकाराला होता. राष्ट्रीय सुरक्षा, सार्वभौमत्व, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक आरोग्य किंवा केंद्र ठरवील अशा अन्य कारणास्तव प्रवेश नाकारता येईल आणि या बाबतीत स्थलांतर अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम व बंधनकारक राहील, असे तिसरे कलम सांगते. अपिलाची सोय त्यात नाही. विधेयक समितीकडे पाठवण्याची मागणी मान्य झाली नाही. त्यामुळे ज्या विद्यापीठांवर आणि रुग्णालयांवर परकीयांची माहिती कळवण्याची जबाबदारी या कायद्याने टाकली, त्यांचे म्हणणे संसदीय समितीपुढे आलेच नाही.

न्यायालयाकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. १९५५ च्या हान्स म्युलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परकीयाला देशाबाहेर घालवण्याचा सरकारचा अधिकार निरंकुश मानला आणि १९९१ मध्ये लुई डी राएट प्रकरणात परकीयाचा हक्क जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्यापुरता असल्याचे सांगितले. अमेरिकेतही वकिलातीच्या नकारात न्यायालये सहसा लक्ष घालत नाहीत. तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब केले. एक लाख डॉलरच्या शुल्काविरुद्धचे आव्हानही डिसेंबर २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयात टिकले नाही. तेव्हा कोणाला आत घ्यायचे, हा अधिकार कोणत्याच राष्ट्राकडून काढून घेता येणार नाही. वाद आहे तो तो वापरण्याच्या रीतीविषयी.

ही रीत आपल्याला अपरिचित नाही. १९७७ मध्ये मनेका गांधी यांचे पारपत्र कारण न देता जप्त झाले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९७८ मध्ये असे सांगितले, की परदेशगमनावर बंधन घालणारी कार्यपद्धती वाजवी, न्याय्य आणि योग्य असली पाहिजे. तो निर्णय भारतीय नागरिकेचा होता. पण ज्या एकविसाव्या अनुच्छेदावर तो उभा आहे, त्यातील शब्द 'व्यक्ती' असा आहे, 'नागरिक' असा नव्हे.

मागणे फार नाही

करावयाच्या गोष्टी तीन आहेत आणि त्यांपैकी एकीनेही सुरक्षेला बाध येत नाही. पहिली, ज्याचे नाव काळ्या यादीत गेले आहे त्याचा व्हिसा त्याच वेळी रद्द करून तसे कळवावे. ई-व्हिसाच्या प्रत्येक अर्जात ईमेलचा पत्ता असतो. दुसरी, नकाराचे कारण, निदान ते कोणत्या वर्गातील आहे एवढे तरी, लेखी द्यावे. तिसरी, ठरावीक मुदतीत फेरविचार करणारी एखादी समिती असावी. तिच्यापुढील गोपनीय कागद गोपनीयच राहू शकतात. यासाठी नव्या कायद्याचीही गरज नाही. कायद्याखालील नियमांत या गोष्टी बसवता येतील.

याचा लाभ केवळ परक्यांना होणार नाही. परदेशी प्राध्यापकांना अल्पकालीन अध्यापनासाठी बोलावणारी 'ग्यान' योजना केंद्राने २०१५ मध्ये सुरू केली; २०२० च्या शैक्षणिक धोरणात आंतरराष्ट्रीयीकरणाला मानाचे पान आहे. रायपूरचे आयआयएम आणि एनआयटी किंवा भिलाईचे आयआयटी यांनी परदेशी विद्वानाला निमंत्रण द्यावयाचे आणि तो दिल्लीहून परत जाणार नाही याची खात्री कोणीच द्यावयाची नाही, ही स्थिती त्या धोरणाशी विसंगत आहे. निमंत्रण देणाऱ्या कुलसचिवाला आणि परकीयांची नोंदणी पाहणाऱ्या जिल्हा पोलीस अधीक्षकाला, दोघांनाही स्पष्ट नियम हवा असतो. संदिग्धता कोणाच्याच सोयीची नसते.

रायपूरच्या मराठी समाजाला हा प्रश्न दोन्ही बाजूंनी माहीत आहे. भोसल्यांच्या काळापासून येथे आलेली ही घरे आज शासकीय सेवेत आहेत आणि त्याच घरांतील पुढची पिढी टेक्सास आणि कॅलिफोर्नियात आहे. एक भाऊ नियम राबवतो, दुसरा नियमांत अडकतो. अमेरिकी अधिकाऱ्याने कारण सांगावे, वेळ द्यावा, कोणाकडे तरी दाद मागता यावी, ही त्या दुसऱ्या भावाची अपेक्षा अवाजवी नाही. आपले परराष्ट्र मंत्रालय ती मांडते, हेही योग्यच आहे. पण दिल्लीच्या विमानतळावर रात्री उतरलेल्या परक्या प्राध्यापिकेची अपेक्षा याहून वेगळी नव्हती. आपल्या दारावरील पहारेकऱ्याला आपण कारण सांगण्याची शिस्त लावली, तर दुसऱ्याच्या दारात उभे राहून कारण विचारताना आपल्या शब्दाला वजन येईल.